'अमूर्त' ही संज्ञा आणि वासुदेव गायतोंडे ह्यांचा कलाविकास

चित्रकार वासुदेव संतू गायतोंडे (१९२४–२००१) ह्यांच्या कलाविकासासंबंधी मराठीत जे विवेचन आढळते त्याचा साचा बहुधा ठरलेला असतो. आरंभी मानवाकृती, पुढे त्या आकृतींचे सुलभीकरण, त्यानंतर केवळ रेषा आणि रंगक्षेत्रे, आणि अखेरीस ओळखता येण्याजोगे काहीच ज्यांत उरलेले नाही अशी चित्रे. ह्या क्रमाला 'मूर्ताकडून अमूर्ताकडे' असे नाव दिले की विवेचकाचे काम संपते. हा विकास म्हणजे एक प्रदीर्घ वजाबाकी होती आणि तिच्या शेवटी जी बाकी राहिली तिला 'मौन' किंवा 'शून्य' म्हणावयाचे, असा ह्या मांडणीचा मथितार्थ होय. ही मांडणी चुकीची आहे, आणि तिच्या चुकीचे मूळ चित्रांत नसून आपण वापरीत असलेल्या शब्दात आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाविज्ञान आहे. चित्रकलेत त्याची गती सामान्य प्रेक्षकाहून अधिक नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. परंतु चित्राविषयी आपण जे बोलतो ते भाषेत बोलतो, आणि भाषा ही निरपेक्ष काच नव्हे. ती काही गोष्टी दाखविते आणि काही झाकते. तेव्हा चित्र पाहण्यापूर्वी शब्दच पारखून घेण्याचा अधिकार भाषाभ्यासकास आहे, असे मानावयास हरकत नसावी.

'अमूर्त' हा नञ्‌समास. 'नञ्'चे सहा अर्थ व्याकरणपरंपरेने सांगितले आहेत: सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्रशस्तता आणि विरोध. 'अपाप' ह्या शब्दात पापाचा अभाव अभिप्रेत आहे. 'अनश्व' म्हणजे घोड्याचा अभाव नव्हे, तर घोड्याहून निराळे असे काही. 'अनुदरा' म्हणजे उदर नसलेली स्त्री नव्हे, कृशोदरी. एकच उपसर्ग एवढी निरनिराळी कामे करीत असता 'अमूर्त चित्र' ह्या प्रयोगात आपण तो कोणत्या अर्थी घेतो? विचार न करता आपण अभाव हाच अर्थ घेतो. चित्रात मूर्ती नाही, म्हणजे काहीतरी होते ते आता नाही. वजाबाकीची कल्पना येथूनच शिरते.

वस्तुतः आपल्या परंपरेत मूर्त आणि अमूर्त ह्यांमधील सीमारेषा कधीच इतकी पक्की नव्हती. बृहदारण्यकोपनिषदात ब्रह्माची मूर्त व अमूर्त अशी दोन रूपे सांगितली आहेत, आणि तेथे वायू व अंतरिक्ष ही अमूर्तात गणली आहेत. वैशेषिक दर्शनात मात्र वायू मूर्त द्रव्यांत येतो. पृथ्वी, जल, तेज, वायू आणि मन ही पाच मूर्त. आकाश, काल, दिशा व आत्मा ही अमूर्त. वैशेषिकांच्या लेखी मूर्तत्व म्हणजे चेहरामोहरा असणे नव्हे. ज्याचे परिमाण मर्यादित आहे आणि ज्याच्या ठिकाणी गती संभवते ते मूर्त. हा निकष लावल्यास कॅनव्हासवर ओतलेला, पसरलेला, एका जागी साकळलेला आणि दुसऱ्या जागी पुसला गेलेला रंगाचा थर हा पूर्णतया मूर्त ठरतो. मग तो झाडासारखा दिसो वा न दिसो.

इंग्रजीतील 'ॲब्स्ट्रॅक्ट' हा शब्दही आपल्या मदतीस येत नाही. त्याच्या लॅटिन धातूचा अर्थ 'ओढून वेगळे काढणे' असा आहे. म्हणजे येथेही आधी एक वस्तू असावयाची आणि तिच्यातून काही सार ओढून काढावयाचे. स्वतः गायतोंडे ह्यांना हा शब्द आपल्या चित्रांना लावलेला मान्य नव्हता. 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' ही संज्ञा ते पसंत करीत. ह्याकडे चित्रकाराचा लहरीपणा म्हणून पाहिले जाते, पण भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो आग्रह अगदी काटेकोर होता. माझे चित्र कशापासूनही ओढून काढलेले नाही, एवढेच त्यांना म्हणावयाचे होते. मराठीत 'अप्रतिरूप' हा शब्द त्याच्या जवळपास जातो. तो रुळला नाही, आणि 'अमूर्त' रुळला.

आता प्रत्यक्ष विकासाकडे वळू. गायतोंडे ह्यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपुरास झाला. घराणे मूळचे गोव्याचे; पुढील वास्तव्य मुंबईत, गिरगावच्या चाळीत. सर ज. जी. कलाशाळेतून १९४८ साली त्यांनी पदविका घेतली. तेथे जगन्नाथ अहिवासी ह्यांच्या वर्गात भारतीय भित्तिचित्रे व लघुचित्रे ह्यांच्या परंपरेचा अभ्यास होत असे, आणि शंकर पळशीकर ह्यांच्यासारखा चिंतनशील कलावंत शिक्षक म्हणून लाभला होता. १९५० च्या सुमारास ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आले. सूझा, रझा, आरा, हुसेन, बाक्रे आणि गाडे ह्यांनी १९४७ साली स्थापिलेला हा गट तेव्हा विस्कटू लागलेला होता, त्यामुळे त्या गटाने गायतोंडे ह्यांना घडविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

ह्या काळातील त्यांच्या चित्रांत बसोली व जैन लघुचित्रांची सपाट, उजळ रंगक्षेत्रे दिसतात, आणि त्यांवरून पॉल क्ले ह्याच्या धर्तीची एक खेळकर रेषा हिंडते. क्लेचे ऋण गायतोंडे ह्यांनी नाकारले नाही. ही चित्रे गोड आहेत. ती कोणासही आवडतील, आणि बहुधा म्हणूनच त्यांचा उल्लेख नेहमी मायेने केला जातो. प्रस्तुत लेखकास मात्र ती एका हुषार विद्यार्थ्याची चित्रे वाटतात. रेषा कोठे जाणार हे तिला आधीच ठाऊक आहे. ती काढलेली रेषा आहे. रंग भरलेला आहे. ह्या 'काढणे' व 'भरणे' ह्या दोन सकर्मक क्रियापदांकडे वाचकाने लक्ष द्यावे, कारण पुढे जे बदलले ते नेमके हेच.

१९५७ साली टोकियो येथील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. ह्याच सुमारास, मुंबईच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करीत असता, त्यांच्या चित्रांतून आकृती नाहीशी झाली. हे स्थित्यंतर सर्वांनी नोंदविले आहे. परंतु त्याच वेळी दुसरी एक गोष्ट घडली आणि तिच्याकडे तितके लक्ष गेले नाही. ब्रशाऐवजी रोलर आणि रंग खरवडण्याची सुरी ही त्यांची मुख्य हत्यारे झाली. रोलरने रंगाचा थर द्यावयाचा, तो ओला असता काही भाग उचलून घ्यावयाचा, वाळल्यावर दुसरा थर. फाडलेल्या कागदाचे तुकडे रंगात दाबून त्यांचे ठसे घ्यावयाचे, पुन्हा थर, पुन्हा खरवडणे. आकृती गेली ती हत्यार बदलले म्हणून, असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. पण हत्यार बदलल्यावाचून ती कायमची गेली नसती, हे निश्चित. ब्रश हा हाताचा विस्तार आहे आणि तो हाताच्या सवयी बरोबर घेऊन येतो. रोलरला मनगट नसते.

येथे मराठी क्रियापदांचा एक विशेष उपयोगी पडतो. मराठीत उमटणे–उमटवणे, पसरणे–पसरवणे, मुरणे–मुरवणे, विरणे–विरवणे अशा जोड्या विपुल आहेत. पहिल्या रूपात क्रिया आपोआप घडते, दुसऱ्यात कोणीतरी ती घडवितो. गायतोंडे ह्यांच्या १९५८ नंतरच्या चित्रांचे वर्णन करू लागल्यास आपल्या तोंडी सहजच पहिली रूपे येतात. रंग पसरला आहे, मुरला आहे, एका बाजूस साकळला आहे, खालचा थर वरच्यातून उमटला आहे. चित्रकाराने हे सर्व 'घडविले' हे आपणास माहीत असते. त्याने वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे पुरी केली, दिवसचे दिवस कोऱ्या कॅनव्हासपुढे बसून काढले, हेही माहीत असते. तरी चित्रात कर्ता दिसत नाही, दिसते ती घडून गेलेली क्रिया. सकर्मकाकडून अकर्मकाकडे झालेला हा प्रवास आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते गायतोंडे ह्यांचा विकास म्हणावयाचा तो हा. आकृती वजा होणे हा त्याचा एक परिणाम होय, त्याचे स्वरूप नव्हे.

ह्या विधानाचे श्रेय एका विद्यार्थिनीस द्यावयास हवे. मुदखेडच्या परिसरातील विद्यार्थ्यांस गायतोंडे भेटतात ते छापील पानावर, आणि अलीकडे मोबाईलच्या पडद्यावर. एकदा वर्गात त्यांच्या १९७० नंतरच्या एका चित्राची प्रतिकृती दाखविली आणि काय दिसते असे विचारले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका मुलीने सांगितले, 'सर, भिंतीला ओल आल्यासारखं वाटतं.' वर्ग हसला. प्रस्तुत लेखकासही प्रथम ती थट्टाच वाटली. परंतु माळवदाच्या घरात वाढलेल्या माणसास मातीच्या भिंतीचे जे ज्ञान असते ते लहान नसते. पावसाळ्यात ओल कोठून चढते, गिलाव्याचा जुना थर नव्यातून कसा डोकावतो, पांढऱ्या मातीचा हात दिल्यावर वाळताना रंग कसा पालटतो, हे ती मुलगी लहानपणापासून पाहत आली होती. आणि तिने वापरलेली वाक्यरचना पाहा: 'भिंतीला ओल आली.' ओल कोणी आणीत नाही. भिंत येथे कर्ता नाही आणि कर्मही नाही. तिच्या ठिकाणी काही घडते एवढेच. 'मौन', 'ध्यान', 'अनंत' ह्या शब्दांपेक्षा हे वाक्य चित्राच्या कितीतरी अधिक जवळ गेले होते.

ओल आलेल्या भिंतीकडे पाहावयास लिओनार्दोनेही चित्रकारांस सांगितले होते. पण त्याला त्या डागांत डोंगर, नद्या आणि लढाया शोधावयाच्या होत्या. गायतोंडे ह्यांना ओलीत दुसरे काही शोधावयाचे नव्हते.

मोबाईलच्या पडद्याविषयी येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. पडद्यावरील प्रकाश मागून येतो, आणि त्यात सर्व थर एका पातळीवर येऊन बसतात. प्रस्तुत लेखकाने दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मूळ चित्र पाहिले तेव्हा त्यास पहिला धक्का बसला तो चित्राच्या जडपणाचा. जे प्रतिकृतीत धुके वाटले होते ते जवळून पाहता रंगाचे दाणे, कडा आणि खरवडल्याच्या खुणा ह्यांनी भरलेले होते. प्रतिकृती पाहून लिहिणाऱ्यास हे चित्र रिकामे वाटणारच. मग त्या रिकामेपणासाठी तो एखादे तत्त्वज्ञान शोधू लागतो. झेन विचार, कृष्णमूर्ती आणि निसर्गदत्त महाराज ह्यांच्या शिकवणुकीविषयी गायतोंडे ह्यांना आस्था होती ही गोष्ट खरी, आणि त्यांच्या अल्पभाषी, एकाकी आयुष्याच्या आठवणीही पुष्कळ उपलब्ध आहेत. सतीश नाईक ह्यांनी संपादिलेल्या 'गायतोंडे' ह्या ग्रंथामुळे (२०१६) मराठी वाचकाची त्या बाबतीत मोठीच सोय झाली आहे. पण माणूस अबोल होता म्हणून चित्र अबोल, हा तर्क कोणत्याही शास्त्रात टिकणारा नाही. २०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांचे एक चित्र तेवीस कोटींहून अधिक रुपयांस गेले, तेव्हापासून तर अबोलपणाच्या दंतकथेत किमतीच्या दंतकथेची भर पडली आहे.

दुसरा एक समज मार्क रॉथको ह्याच्यासंबंधीचा. रॉकफेलर निधीच्या शिष्यवृत्तीवर गायतोंडे १९६४ साली न्यूयॉर्कला गेले, तेथे रॉथकोशी त्यांची भेट झाली, आणि त्यानंतर त्यांची चित्रे पालटली, असे सांगण्यात येते. कालक्रम ह्याच्या आड येतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात असलेले त्यांचे चित्र १९६२ सालचे आहे, म्हणजे ह्या प्रवासापूर्वीचे. रीतीतही फरक आहे. रॉथको पातळ रंग कॅनव्हासमध्ये शोषवून घेतो, त्याचे आयत कडांशी विरघळतात, आणि त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध हाच चित्राचा विषय होतो. गायतोंडे ह्यांच्या येथे असे दोन-तीन पक्षकार नसतात. एक पृष्ठ असते आणि त्यावर जागोजाग घटना असतात. न्यूयॉर्कने त्यांना धीर दिला असेल, आणि परदेशी तोही एकट्याने काम करणाऱ्या माणसास त्याची गरज असतेच. परंतु धीर आणि प्रभाव ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडील कलावंतास पश्चिमेकडील एखादा पिता मिळवून दिल्यावाचून आपल्या समीक्षकांस चैन पडत नाही, हा जुना रोग आहे.

खरा पालट त्यानंतर झाला, आणि तो दिसावयास साधा आहे. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील चित्रे पुष्कळदा आडवी असत, किंवा त्यांत आडवे पट्टे असत. त्यामुळे पाहणाऱ्याची दृष्टी क्षितिज शोधी. समुद्र, किनारा, पहाट असे शब्द मनात येत. आकृती गेली तरी निसर्गदृश्याचे व्याकरण मागे राहिले होते. त्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी उभे कॅनव्हास घेतले आणि पुढे ते जवळजवळ सोडले नाहीत. उभ्या चौकटीत क्षितिज तग धरीत नाही. खाली जमीन व वर आकाश ही विभागणी मोडली, आणि रंगातील घटना चौकटीत कोठेही, वर-खाली, मध्यावर वा कडेस, घडू लागल्या. आकृती नाहीशी होण्यापेक्षाही हे क्षितिज नाहीसे होणे अधिक निर्णायक होते असे प्रस्तुत लेखकास वाटते. आपल्या चित्रांना 'निसर्गाचे अमूर्तीकरण' म्हणण्याची सोय त्यांनी येथे मोडून टाकली.

१९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच सुमारास ते मुंबई सोडून दिल्लीस गेले आणि निजामुद्दीनच्या एका बरसातीत राहू लागले. ह्या काळावर एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९७० ते १९८३ ही तेरा-चौदा वर्षे गायतोंडे एकच चित्र पुनःपुन्हा करीत होते काय? रंग बदलतो, कधी पिवळा, कधी राखी-हिरवा, कधी विटकरी. मांडणी मात्र बरीचशी तीच. मुळचे अकोल्याचे अंबादास ह्यांच्याशी तुलना केल्यास हा आक्षेप अधिकच बोचतो, कारण अंबादास ह्यांच्या चित्रांत रंगाचा प्रवाह दर वेळी निराळ्या जोराने वाहतो. ह्या आक्षेपात तथ्य आहे. काही चित्रांत थरांचे कसब एवढे पक्के झाले आहे की काही घडेल की नाही ही शंकाच उरत नाही, आणि शंका गेली की अकर्मक क्रियेचे नाटक होते. रंग 'मुरला' असे दिसते खरे; पण तो मुरवलेला आहे, हे आपणास कळून चुकते.

१९८४ साली रिक्षाच्या अपघातात त्यांना गंभीर इजा झाली आणि मोठे कॅनव्हास करणे काही वर्षे बंद पडले. ह्या मधल्या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान रेखने केली. चरित्रकार त्यांचा उल्लेख सक्तीच्या विश्रांतीतील विरंगुळा म्हणून करतात. आम्हांस ही रेखने फार महत्त्वाची वाटतात, कारण त्यांत पंचवीस-तीस वर्षांनंतर हात परत येतो. शाईला थर नाहीत, खरवडणे नाही, माघार नाही. खूण उठते ती कायमची. क्लेच्या छायेतील रेषा जेथे जावयाचे तेथे ठरवून जात असे. ही रेषा मोडते, थांबते, पुन्हा सुरू होते. कर्ता परत आला आहे, पण त्याला आता सगळे ठाऊक नाही. १९९० नंतरच्या कॅनव्हासांत जो मोकळेपणा दिसतो, ज्या खुणा पृष्ठावर अधिक उघडपणे येऊन बसतात, त्यांचे मूळ ह्या कागदांत शोधावयास हवे.

ह्या खुणांना 'लिपीसदृश' म्हणण्याचा प्रघात आहे, आणि ह्या विषयावर तरी भाषाभ्यासकास बोलण्याचा हक्क आहे. लिपी होण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, तीच खूण पुन्हा आली असता ती 'तीच' म्हणून ओळखता आली पाहिजे. 'क' कोणी कसाही लिहो, तो 'क'च राहतो. दुसरी, त्या खुणेचा इतर खुणांशी भेद नियमबद्ध असला पाहिजे. मोहेंजोदडोच्या मुद्रा आपणास वाचता येत नसल्या तरी त्यांवरील चिन्हे पुनःपुन्हा येतात, आणि तेवढ्यावरून ती लिपी असावी असे अनेक विद्वान मानतात. गायतोंडे ह्यांच्या खुणांची कथा उलटी आहे. त्या वाचता येतील असे वाटत राहते, पण एका चित्रातील खूण दुसऱ्या चित्रात ओळखू येत नाही. प्रत्येक खूण एकदाच येते. ज्या भाषेत प्रत्येक शब्द एकदाच उच्चारला जातो ती भाषा नव्हे. आणि असे असूनही आपण ती वाचण्याच्या पवित्र्यात उभे राहतो, ही त्या खुणांची करामत होय. प्रभाकर बरवे ह्यांनी 'कोरा कॅनव्हास' (१९९०) लिहून चित्रकाराच्या विचाराला मराठी गद्य दिले. गायतोंडे ह्यांनी असे काही लिहिले नाही. त्यांच्या ह्या न-वाचता येणाऱ्या खुणांची तुलना, लिपी शिकण्यापूर्वी मूल पाटीवर जे गिरवते त्याच्याशी करून पाहावयास हवी. त्या गिरवण्यात अक्षर नसते, पण लिहिण्याची क्रिया पुरी असते. हे काम पदव्युत्तर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने, मूळ रेखने समोर ठेवून, अवश्य हाती घ्यावे.